मुलाखतीचा घाम

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. मुलाखतींना येणाऱ्या प्रत्येकाने ‘क्लासिक ब्लेझर’ घालणं सक्तीचं. गडद निळा किंवा काळा. खाली प्लेसमेंटच्या सरांची सही आणि सहीखाली दोन रेघा, म्हणजे विषय संपला.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, नसेल तर?”

“नसेल तर घ्यायचा. हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. चांगला ब्लेझर दहा वर्षं टिकतो.”

सरांचा स्वतःचा त्याहून जास्त टिकलाय. फक्त आतला माणूस वाढल्यामुळे बटण लागत नाही.

यंदा माझ्या कामाची एकच कंपनी येतेय, विम्याची. माणसं साधारण कितव्या वर्षी मरतात याचे तक्ते करायला त्यांना संख्याशास्त्राची मुलं हवी आहेत. ते तक्ते मी ब्लेझर घालून केले तर लोक दोन वर्षं जास्त जगतील का, असं सरांना विचारायचं मनात आलं. विचारलं नाही. मी विचारत नाही, घरी येऊन लिहिते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे कोटवाल्यांशी त्यांचा संबंध कोटवाले मध्येच अडकल्यावर येतो. म्हणाले, “कोट कशाला? वकील व्हायचंय का जादूगार?”

आई कांदे घेऊन बसली. आईचा कोटांशी संबंध सगळ्यात जवळचा आहे. ती बाजारातल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर, परतीच्या खोलीत बसते. दुकानाचा नियम असा की कपडा घातला नसेल आणि लेबल शाबूत असेल तर चौदा दिवसांत परत घेतात. घातला होता की नव्हता, हे आई ठरवते. नाकाने. कपडा आत येतो, आई काख हुंगते, खिसे उलटे करून बघते, कॉलरवरून बोट फिरवते. घातलेला असला तर लाल चिठ्ठी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत.

आईच्या नाकाबद्दल आमच्या घरात वाद नाही. दूध उद्या नासणार हे तिला आज कळतं. बाबांनी दोन गल्ल्या पलीकडे ओढलेली सिगरेट तिला जिन्यात कळते.

“पार्टीचा घाम गोडसर असतो,” कांदा चिरताना ती म्हणाली. “त्यात अत्तर असतं, तळण असतं. प्रवासाचा घाम शिळा असतो. आणि मुलाखतीचा घाम वेगळाच. पातळ, गार. पत्र्याच्या डब्यासारखा. डाव्या काखेला जास्त, कारण फाइल तिथं धरतात.”

“तो ओळखल्यावर काय करतेस?”

“काय करणार? कामच आहे ते माझं.”

असं उत्तर फक्त तत्त्वाचा माणूस देऊ शकतो.

तिच्या जागेबद्दल इथे एकदा लिहून ठेवते. दुकानात ती आधी अकरा वर्षं खालच्या मजल्यावर घड्या घालायला होती, दिवसभर उभी. गुडघे गेले. मग एका साहेबांना तिचं नाक सापडलं आणि तिला खुर्ची मिळाली. सहा वर्षं झाली. आता नवे साहेब आलेत. त्यांनी आल्या आल्या सांगितलंय: घातलेला एकही कपडा ‘कोरा’ म्हणून पुन्हा विक्रीला लागला, तर सोडणारा माणूस त्याच दिवशी खाली, घड्यांच्या टेबलाशी. म्हणजे उभं. आई म्हणते, नोकरी गेली तरी चालेल, खुर्ची जायला नको.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझ्या वर्गमैत्रिणीच्या पर्समध्ये कायम चिकटपट्टीचं रीळ असतं, म्हणून तिचं नाव चिकटपट्टी. आज तिने मधल्या सुट्टीत मार्गदर्शन केलं.

“अगं, विकत कसला घेतेस? लेबल आत दुमडायचं, वरून पट्टी लावायची, मुलाखत द्यायची, पट्टी काढायची, परत करायचा. सगळ्या तेच करतात.”

“हे बरोबर नाही.”

“ब्लेझरची सक्ती बरोबर आहे का?”

मी डब्याचं झाकण लावलं. ती पुढे म्हणाली, “फक्त मोठ्या दुकानातूनच घे. तिथं परतीला एक बाई असते, तिला काही म्हणजे काही कळत नाही. नाकच नसेल बिचारीला. पण बुधवारी जाऊ नकोस. बुधवारी दुसरी असते, ती खवीस आहे.”

माझं रक्त उसळलं. माझी आई तिथे असते हे मी कॉलेजात सांगितलेलं नाही. लाज म्हणून नाही. (लाज म्हणूनही थोडं असेल. दैनंदिनीत खोटं लिहू नये.) बुधवारी आईची सुट्टी असते. म्हणजे खवीस ती माझी आई, आणि बिननाकाची ती बुधवारची बदली बाई. मुलींनी वार उलटे लक्षात ठेवलेत. ऐकीव माहितीचं असंच होतं, आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पहिलाच धडा हा आहे.

दुरुस्ती: वर ‘सगळ्या तेच करतात’ लिहिलंय ते चिकटपट्टीचं वाक्य आहे. मुलाखतीला एकूण एकशे बारा जण आहेत. मी स्वतः नऊ जणींना विचारलं. गेल्या वर्षी आणि यंदा मिळून सात जणींनी हे केलंय किंवा करणार आहेत. नमुना लहान आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घेतला. पैसे शिष्यवृत्तीतले, पुस्तकांसाठी आलेले. फॉर्मवर ‘शैक्षणिक साहित्य’ असं लिहिलेलं आहे. ब्लेझर शैक्षणिक आहे का, याचा मी रस्ताभर विचार केला. सरांच्या मते आहे.

आईच्याच दुकानातून घेतला, पण कर्मचाऱ्याची मुलगी आहे हे सांगितलं नाही, नाहीतर सूट द्यायला निघाले असते. बिलावर नाव, पत्ता, फोन खरा लिहिला.

विक्री करणारी बाई म्हणाली, “मॅडम, हा तुमच्यासाठीच शिवलाय.” माझ्या आधीच्या मुलीलाही तेच म्हणाली होती, तोच कोट धरून. आरशात पाहिलं. आरशातल्या बाईला मी ओळखत नाही. ती बाबांना ‘बसा, सांगते’ म्हणेल असं वाटलं.

घरी आईने कापड चिमटीत धरलं, अस्तर उलटं केलं. “चांगला आहे. खांदा बरोबर बसलाय. लेबल कापलंस का?”

“नाही अजून.”

“राहू दे. आत दुमड. आणि हे बघ, परत करायचा झाला तर मला आधी सांग.”

“मी परत करणार नाहीये.”

“मी फक्त म्हटलं. मला आधी सांग.”

तिची अडचण मला समजते. स्वतःच्या मुलीच्या कोटाला लाल चिठ्ठी लावायची वेळ आली तर मनाची तयारी लागते. असा सरळपणा आजकाल कुठे दिसतो?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आईला रोज उशीर होतोय. मुलाखतींच्या दिवसांत दरवर्षी होतो. पिशवीत व्हिनेगर-पाण्याची फवारणीची बाटली आणि मऊ ब्रश असतो. लबाड लोक घामावर काय काय मारून आणतात, ते उघडं पाडायला लागत असावं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलाखत झाली.

लेबल कापलं नव्हतं. मी परत करणार नव्हतेच, पण कापायचीही घाई नव्हती. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात हे मला विचारू नये. दोन्ही काखांत एकेक रुमाल घडी करून ठेवला. तरीही खबरदारी म्हणून हात अंगापासून दूर ठेवायचं ठरवलं. पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखी आत गेले.

समोर तिघं. मधल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही बसणार ना?” बसले, पण पाठ टेकली नाही, कारण टेकल्यावर सुरकुती पडते. दोन्ही कोपर खुर्चीच्या बाहेर. पाणी दिलं, घेतलं नाही, सांडलं असतं. चहा दिला, त्याच्याकडे तर पाहिलंही नाही.

“तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?”

“काळजी घेणं,” मी म्हणाले. त्या क्षणी मी काळजीच घेत होते.

मृत्युदराच्या तक्त्यावर दोन प्रश्न आले. ते मी सोडवले, पण लिहिताना उजवा हात टेबलावर टेकवला नाही. डावीकडचे गृहस्थ म्हणाले, “अक्षर जरा हललंय.” मी म्हणाले, “माणसंही हलतात.” का म्हणाले, ते देवाला माहीत. तिघंही लिहायला लागले.

बाहेर येऊन स्वच्छतागृहात रुमाल पाहिले. उजवा कोरडा. डावा भिजून अस्तरापर्यंत पोचलेला. फाइल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

निकाल. प्रतीक्षा यादीत दुसरी. सोबत शेरा: “देहबोली अत्यंत मोकळी व आत्मविश्वासपूर्ण. किंचित जास्त.”

त्याच खिडकीवर शिष्यवृत्तीच्या कारकुनांनी पावत्या मागितल्या. वीस तारखेपर्यंत पुस्तकांच्या पावत्या, नाहीतर रक्कम परत. मी ब्लेझरचं बिल पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांनी सरकवलं. “ताई, हा कोट वाचता येतो का?”

म्हणजे ब्लेझर ठेवला तर शिष्यवृत्तीचा गैरवापर. परत केला तर दुकानाची फसवणूक. एका पापातून सुटायला दुसरं पाप लागतं, आणि दोन्हींच्या मुदती याच आठवड्यात आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ठरवलं. ब्लेझर परत न्यायचा, पण घातला नाही असं तोंडाने म्हणायचं नाही. त्यांनी हुंगावं आणि काय ते ठरवावं. मात्र आईकडे न्यायचा नाही. तिने लाल चिठ्ठी लावली तर तिला दुःख, आणि माझ्यासाठी कोरा म्हणून सोडला तर तिचा आयुष्यभराचा नियम मोडेल आणि खुर्ची धोक्यात येईल. दोन्ही नको. उद्या बुधवार, आईची सुट्टी. निकाल परक्याने दिलेला बरा.

ती ‘मला आधी सांग’ म्हणाली होती. पण सांगितलं तर ती बुधवारी जाऊ देणार नाही असं का कोण जाणे वाटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बदली बाईंनी डावी काख एकदाच हुंगली. “ताई, घातलाय ना?”

“ते तुम्ही ठरवायचं.”

“म्हणजे?”

“घातला नाही असं मी म्हणणार नाही. नियमाप्रमाणे तुम्ही तपासा.”

असं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यांनी चिठ्ठीही बांधली आणि साहेबांनाही बोलावलं. साहेब साधारण पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं, बोलायला हळू. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. यावेळी मी घेतलं.

“तुमच्या कॉलेजात ब्लेझर सक्तीचा आहे का?”

मी नीट माहिती दिली. नियम सहा वर्षं जुना आहे. यंदाच्या मुलाखती दहा ते एकवीस फेब्रुवारी, सोमवार ते शुक्रवार, रोज. विद्यार्थी एकशे बारा. त्यांनी विचारलं नव्हतं तरी अर्धवट माहिती देणं बरं नव्हे म्हणून हेही सांगितलं की मी नऊ जणींना विचारलं, त्यांतल्या सात जणी घालून परत करणाऱ्या निघाल्या आणि सातही जणींचं दुकान हेच.

साहेबांनी रजिस्टर काढलं. बोट वरून खाली गेलं. पान उलटलं. पुन्हा बोट.

“बुधवारी लाल चिठ्ठ्या आहेत. बाकी दिवशी कॉलेजच्या ब्लेझरला एकही नाही. पाच वारांत एकही नाही.”

“मग तुमच्या रजिस्टरात चूक असणार,” मी म्हणाले. “नमुना लहान असला तरी कल स्पष्ट आहे.”

“कल,” साहेब म्हणाले. मग माझं बिल हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. “इथं राहता तुम्ही?”

“हो. जवळच आहे.”

“हं.” त्यांनी ब्लेझर फेरतपासणीसाठी ठेवून घेतला आणि दोन-तीन दिवसांत कळवतो म्हणाले.

नियमाची चाड असलेला माणूस भेटला की बरं वाटतं. घरी येताना हलकं वाटत होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आई आली, चपला काढल्या, गुडघ्यांना तेल लावलं, आणि मग सांगितलं. जणू कुणा दुसऱ्याचीच गोष्ट.

“साहेबांनी आज तीन ब्लेझर माझ्यापुढं ठेवले. म्हणाले, सांगा बाई, यातला घातलेला कुठला. पहिला कोरा. दुसरा कोरा. तिसरा तुझा.”

“माझा? कशावरून?”

“बावीस वर्षं तुझे कपडे धुतेय आणि कशावरून विचारते.”

“मग काय सांगितलंस?”

“घातलेला म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग ते म्हणाले, इतकं अचूक नाक असताना बाकीचे कसे सुटले? म्हटलं, सर्दी होती. म्हणाले, सहा वर्षं? म्हटलं, याच महिन्यात होते दरवर्षी. हवाच तशी असते.”

बाबा हसता हसता ठसकले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात चिकटपट्टीचे वार सुलटे होत होते.

“आई, तू सगळे सोडत होतीस?”

“सगळे नाही. मुलाखतीचे.”

“का पण?”

“अगं, एक दिवस घालतात बिचारी. तोही घाबरत घाबरत. असा कितीसा झिजतो कोट? मी अस्तर पुसते, ब्रश मारते, वाफ देते. मांडणीतल्या नव्यापेक्षा माझ्या हातचा बरा असतो. कुणाची तक्रार आली का सहा वर्षांत? उगाच चिठ्ठी बांधायची, पोर रडत जिना उतरणार, आणि कोट तिच्या गळ्यात.”

“पण हे खोटं आहे.”

“असेल. मी कुठं शिकलेय?”

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

मग मी सांगितलं. बुधवारचं, सगळं. एकशे बारा, नऊ, सात. रजिस्टरात चूक असणार, हेही. बाबांचं हसणं मध्येच थांबलं. आई तेलाची बाटली बंद करत होती. झाकण फिरेना, आटे चुकले होते.

“नऊ जणींना विचारलंस आणि नऊही सांगत्या झाल्या?”

“हो.”

“लोक तुला काहीही सांगतात बघ.” झाकण लागलं. “मला आधी सांग म्हटलं होतं.”

एवढंच. सोमवारपर्यंत साहेब वरच्या ऑफिसला कळवणार आहेत. तोवर खुर्ची आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

रविवारी दुकान बंद. आईने घरात उभं राहून काम करायची सवय सुरू केलीय. कणीक उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने. विचारलं तर म्हणाली, “अंदाज घेतेय.”

बाबा दिवसभर माझ्याशी फार प्रेमाने बोलले. ते सहन होत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. “ब्लेझर घेऊन जा. आणि एक छोटा जबाब लिहून द्या, तुम्ही त्या दिवशी जे सांगितलंत त्याचा. वरच्यांना कागद लागतो.”

गेले. परतीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आई पाठमोरी बसली होती, कुणाचातरी शर्ट उलटा करत. मी पाय न वाजवता पुढे गेले.

साहेबांनी ब्लेझर दिला. तो मी अंगात घातला, कारण लिहायला हात मोकळे हवे होते. हात नीट अंगाशी ठेवले. आता कसली खबरदारी?

खरं काय ते लिहून दिलं तर आई खाली. न लिहिलं तर ते म्हणतील, मग त्या दिवशी का बोललात? रस्त्यात मला काही सुचलं नव्हतं. मी खोटं बोलत नाही. म्हणजे जमतच नाही, कान लाल होतात.

साहेबांनी कागद पुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. “तर मुलाखती रोज असतात, म्हणालात.”

“हो.”

“रोज?”

“सोमवार ते शुक्रवार.”

“नीट आठवा. काही कॉलेजांत म्हणे फक्त मंगळवारी असतात.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. माणसाचा गैरसमज झाला होता, आणि त्या गैरसमजात माझ्या आईच्या खुर्चीपुरती जागा होती.

“फक्त मंगळवारी,” मी म्हणाले. कान तापले. “आमच्याकडेही फक्त मंगळवारीच. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं.”

“अस्सं. म्हणजे कोट दुसऱ्या दिवशी परत येणार.”

“बुधवारी. बाकी दिवशी यायचं काही कारणच नाही.”

“म्हणून बुधवारीच चिठ्ठ्या दिसतात.”

“संख्याशास्त्राच्या दृष्टीने दुसरं काही दिसणंच शक्य नाही,” मी म्हणाले. हे वाक्य कुठून आलं कोण जाणे. ब्लेझरमधून आलं असावं.

“आणि त्या नऊ जणी?”

“त्या उदाहरणादाखल होत्या. आमच्या विषयात काल्पनिक नमुना घेतात.”

“घेतात का?”

“नेहमी.”

“लिहा मग. तारीख घालायला विसरू नका. वर तारखाच बघतात.”

मी पाऊण पान लिहिलं. एकही वाक्य खरं नाही, पण रचना निर्दोष आहे. साहेबांनी वाचलं, घडी घातली, रजिस्टरात ठेवलं. इतका भाबडा माणूस इतक्या मोठ्या दुकानाचा साहेब कसा झाला? त्यांना मी अगदी सहज फसवलं. याचं वाईट वाटलं. फार नाही.

निघताना ते म्हणाले, “आणि बाईंना सांगा, महिन्यात दोन-चार लाल चिठ्ठ्या दिसू द्या. अगदीच कोरं रजिस्टर वरच्यांना बघवत नाही.”

कुठल्या बाईंना, ते मी विचारलं नाही. अंगात ब्लेझर असल्यामुळे मला तिथलीच कुणी समजले असावेत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आईला निरोप दिला, जसाच्या तसा, कुणासाठी आहे ते कळलं नाही असंही सांगून. आई माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी हनुवटीला काही लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाली, “तू खरंच फार शिकलीस गं,” आणि कणीक मळायला खाली बसली.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर पुस्तकांच्या पावत्या नाहीत म्हणून माफी मागायला गेले. मुदत पाच दिवसांपूर्वीच संपलेली. कारकुनांनी फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला ‘इतर’ असा रकाना आहे. “इथं लिहा ना ताई. सगळे इथंच लिहितात. वीस तारीख पुस्तकांची होती, इतरला महिनाअखेर.” मी फॉर्मची मागची बाजू पाहिली नव्हती. फॉर्मवर ‘मागे पहा’ असं कुठेही छापलेलं नाही. तसा तक्रार अर्ज मी करणार होते. केला नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ब्लेझरचं लेबल कापलं. आता तो माझा आहे, आवडो न आवडो. प्रतीक्षा यादी हललेली नाही. प्लेसमेंटच्या सरांनी मार्चमध्ये येणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचं नाव दिलंय आणि ‘अशीच देहबोली ठेव’ म्हणालेत.

सोमवारच्या कागदाबद्दल मी रोज स्वतःला विचारते की पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील. उत्तर पटकन येतं, आणि जे येतं ते लिहायची माझी हिंमत नाही.

आई आज वेळेवर आली. मी चहा केला.

“लाल चिठ्ठ्या लावल्यास का?”

“दोन. दोन्ही पार्टीचे. एकाच्या बाहीवर लिपस्टिक, आणि बाई म्हणते हात लावला नाही. केवढी भांडली! टेबलावर हात आपटून म्हणते, तुम्हाला काय कळतं, बोलवा तुमच्या साहेबांना.”

“मग?”

“साहेब आले. दारातूनच माझ्याकडे बोट करून म्हणाले, बाई म्हणतात ते बरोबर. गेले. ती तरी पंधरा मिनिटं ओरडत होती.”

“पंधरा मिनिटं? आणि तू?”

आईने चहाचा घोट घेतला. “ती उभी होती,” ती म्हणाली. “मी बसून होते. बसून ऐकायला काही वाटत नाही गं.”